पाचगणीचा फर्रुख आणि ‘क्वीन’

आपल्या सातारा-सांगली भागाच्या संगीताचा इतिहास सांगायचा म्हटले की काही नावे आपोआप ओठांवर येतात. मिरजेत राहून तिथेच मातीआड झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ, त्याच मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवणारी शिकलगारांची घराणी, सांगलीत संसार थाटलेले दीनानाथ मंगेशकर आणि त्यांच्या अंगणात वाढलेली लता. या यादीत पाचगणीचे नाव कोणी घालत नाही. पाचगणी म्हणजे टेबल लँडवरचे घोडे, स्ट्रॉबेरी आणि पैसेवाल्यांच्या मुलांच्या निवासी शाळा, असे आपण ठरवून टाकले आहे. पण ज्याच्या ध्वनिमुद्रिका जगभर कोट्यवधींनी खपल्या, त्या ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचा मुख्य गायक वयाच्या आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत याच पाचगणीत होता. इंग्रजीत त्याच्यावर ढिगाने पुस्तके आहेत. त्यांत या वर्षांना एखादे छोटे प्रकरण मिळते, ‘बालपण’ म्हणून, आणि मग खरी गोष्ट १९७० च्या लंडनमध्ये सुरू होते. मला ही मांडणी मान्य नाही. ‘क्वीन’चा इतिहास पाचगणीतून, १९५८ सालापासून सांगायला हवा.

त्याचे मूळ नाव फर्रुख बुलसारा. आमच्या उर्दू शाळेच्या हजेरीपटावर फारुख पुष्कळ असतात, फर्रुख क्वचित. दोन्ही नावे एकच समजून लोक गल्लत करतात. फारुख हा अरबी शब्द, खरे-खोटे वेगळे करणारा. फर्रुख हा फारसी, त्याचा अर्थ शुभ, भाग्यवान. हे कुटुंब पारशी, त्यामुळे नाव फारसी असणे साहजिकच. आडनाव गुजरातच्या बुलसर म्हणजे आजच्या वलसाड गावावरून आले, आपल्याकडे फलटणकर किंवा सातारकर व्हावे तसे. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते आणि नोकरीचे ठिकाण होते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे झांजीबार बेट. तिथल्या स्टोन टाउनमध्ये ५ सप्टेंबर १९४६ रोजी फर्रुखचा जन्म झाला.

झांजीबार आपल्या वाचकांना अगदीच परके नसावे. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानांनी आपली राजधानी तिथे नेली. लवंगांचा व्यापार वाढला. कच्छी, खोजा, बोहरी आणि पारशी तिथे पोहोचले, आणि आपले कोकणी मुसलमानही जहाजांवर खलाशी म्हणून आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याला लागले. फर्रुख जन्मला त्या गल्ल्यांत अजान होती, गुजराती बोलणे होते, स्वाहिली बाजार होता आणि इंग्रजांची कचेरी होती. हे लक्षात ठेवायचे, कारण पुढे त्याच्या गाण्यांत याचे पडसाद अनपेक्षित जागी ऐकू येतात.

आठ वर्षांच्या मुलाला आईबापांनी बोटीने मुंबईला आणि तिथून घाट चढवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. आम्हा फलटणकरांना वाठार-वाई करत पसरणी घाट चढून गेले की पाचगणी लागते, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. त्या मुलाला मात्र घर समुद्रापलीकडे होते. सुट्ट्या तो बहुतेक मुंबईला आजी आणि मावशीकडे काढी. आईवडील वर्षानुवर्षे भेटत नसत. निवासी शाळेच्या शिस्तीचे कौतुक आपल्या समाजातही आता वाढते आहे. आठ वर्षांच्या पोराच्या बाजूने तिच्याकडे कोणी पाहत नाही.

सेंट पीटर्स ही इंग्रजी वळणाची शाळा. प्रार्थनाघर, समूहगान, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, नाटके. फर्रुख टेबल टेनिसमध्ये शाळेचा विजेता झाला. पुढचे दात थोडे बाहेर असल्याने मुले चिडवत, आणि ती बोच त्याला जन्मभर राहिली. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच मिळाले. मित्रांनी हाक मारली, मग शिक्षकांनी आणि शेवटी घरच्यांनीही तेच उचलले. लंडनच्या कुठल्या व्यवस्थापकाने त्याचे नाव बदलले नाही. ते पाचगणीच्या वसतिगृहात बदलले.

संगीताकडे तो वळला तो शाळेमुळेच. मुलाला उपजत कान आहे हे मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी वडिलांना कळवले की थोडी जास्त फी भरली तर पियानोची स्वतंत्र शिकवणी लावता येईल. रोखपाल बोमींनी फी भरली. मुलाने पियानोच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा चौथ्या श्रेणीपर्यंत दिल्या. शिक्षकी पेशातल्या माणसाला या पत्रापाशी थांबावेसे वाटते. आमच्या शाळेत रोज सकाळी मुले इकबालांची दुआ म्हणतात. दिवसभरातले संगीत तेवढेच. त्या रांगेत दरवर्षी एखाददुसरा आवाज असा निघतो की मान वर करून पाहावे लागते. त्याच्या बापाला मी काय लिहून कळवू? वेळापत्रकात तास नाही, वाद्य नाही आणि घरी ‘गाणेबजावणे’ हा शब्दच तोंड वाकडे करून उच्चारला जातो. ज्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावून गेले, तिथपासून आम्ही फार दूर नाही, तरीही.

असो. १९५८ साली, फर्रुख बारा वर्षांचा असताना, पाच मुलांनी मिळून एक बँड काढला. नाव ठेवले ‘द हेक्टिक्स’. ब्रूस मरे गायचा, डेरिक ब्रांच गिटार वाजवायचा, व्हिक्टरी राणा ढोल सांभाळायचा, फरांग इराणीने चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि तार बांधून खर्ज सुरांचे वाद्य केले होते, आणि पियानोवर फर्रुख. म्हणजे पुढे ज्याचा गळा जगाने डोक्यावर घेतला, तो या पहिल्या बँडमध्ये मुख्य गायक नव्हताच. तो पियानो बडवायचा आणि मागून साथीला गायचा. एकदा रेडिओवर ऐकलेले गाणे तो थेट पियानोवर उतरवी, अशी आठवण त्याच्या सवंगड्यांनी सांगितली आहे.

हा रेडिओही आपल्या ओळखीचा आहे. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना चाप लावला आणि देशातले श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. इंग्रजी गाणीही भारतात त्याच वाटेने घरोघर येत. हेक्टिक्सची मुले एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवत. यातला क्लिफ रिचर्ड हा १९४० साली लखनौमध्ये जन्मलेला हॅरी वेब. लहानपणीच तो इंग्लंडला गेला आणि १९५८ मध्ये त्याचे पहिले गाणे गाजले. म्हणजे लखनौत जन्मलेल्या मुलाची नक्कल झांजीबारमध्ये जन्मलेला मुलगा सातारा जिल्ह्यात करीत होता, आणि दोघांनीही आपापली जुनी नावे मागे टाकलेली. या मुलाच्या कानावर लता मंगेशकरांचा आवाजही पडत होता आणि त्याचा त्याच्यावर ठसा उमटला असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. त्याच काळात पाचगणीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत मिरजेत कारागीर भोपळे वाळवून तानपुरे घडवत होते. एकेकाळी हत्यारांना धार लावणारी ही मुसलमान घराणी वाद्यांकडे वळली आणि त्यांच्या सतारीला, तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याचा सूर मात्र त्या शाळेच्या कुंपणाच्या आत पोहोचला नाही आणि पियानोचा बाहेर आला नाही.

हेक्टिक्स शाळेच्या समारंभांत वाजवी. शेजारच्या शाळांतल्या मुली त्यांच्यावर खूश असत. शेवटच्या वर्षांत फर्रुखचे अभ्यासातले लक्ष उडाले आणि १९६३ मध्ये तो झांजीबारला परतला. १० डिसेंबर १९६३ ला झांजीबार स्वतंत्र झाले आणि महिन्याभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती झाली. सुलतान जमशीद पळाले. हजारो अरब आणि हिंदी मारले गेले. बुलसारा कुटुंबाने दोन मुलांना घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये छोटेसे घर घेतले.

फ्रेडीने तिथे ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये पदविका घेतली. पैशांसाठी विमानतळावर सामान उचलले, केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. गाळ्यातला भागीदार होता ढोलवादक रॉजर टेलर. टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला, त्या जागी फ्रेडी आला आणि त्याने नाव सुचवले ‘क्वीन’. म्हणजे राणी. चार पुरुषांच्या बँडला राणी म्हणायचे, यात खोडसाळपणा होता आणि थाटही. त्याच सुमारास त्याने बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी घेतले. १९७१ मध्ये बास गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. पुढची वीस वर्षे त्यात बदल झाला नाही. बँडच्या जगात हे दुर्मीळ.

ही चौकडी शिकलेली होती. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. काही काळ तो लंडनच्या एका शाळेत गणित शिकवत होता. खगोलशास्त्रातली अर्धवट सोडलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पुरी केली. त्याची गिटार त्याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून. आयुष्यभर त्याने तीच वाजवली. डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. बँडचे राजचिन्ह फ्रेडीने स्वतः काढले, चौघांच्या राशींची चित्रे घेऊन.

त्या काळात इंग्लंडमध्ये ‘ग्लॅम’ नावाची लाट होती. चकचकीत तंग कपडे, उंच टाचा, पुरुषांच्या डोळ्यांत काजळ आणि नखांना रंग. दुसरीकडे कानठळ्या बसवणारा, गिटारचा धातूसारखा खणखणाट करणारा ‘हेवी मेटल’. ‘क्वीन’ने १९७३ आणि १९७४ च्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत या दोन्हींची सांगड घातली. इंग्रजी वर्तमानपत्रांना पुरुषाचा हा शृंगार धक्कादायक वाटला. आपल्याला वाटायचे कारण नाही. भरजरी शालू नेसून बालगंधर्व उभे राहिले की बायका त्यांच्या पोशाखाची नक्कल करीत, हे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगत आला. तमाशाच्या फडात नाच्या होता आणि लावणी लिहिणाऱ्यांत जेजुरीचे मुसलमान शाहीर सगनभाऊ होते. रंग लावून पुरुषाने रंगमंच जिंकणे ही आपल्या मातीला माहीत असलेली कला आहे. गाण्यात नाटक आणि नाटकात गाणे, हेच तर ‘क्वीन’चे वेगळेपण.

त्याचा कळस म्हणजे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झालेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे गाणे. रेडिओवर सहसा तीन मिनिटांपलीकडे गाणे वाजत नसे, म्हणून कंपनीने ते कापायला सांगितले. बँडने नकार दिला. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाण्याच्या मध्यभागी पाश्चात्त्य संगीत नाटकासारखा भाग आहे. त्यात शेकडो माणसे गात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांचेच आवाज, फितीवर एकावर एक पुन्हा पुन्हा चढवलेले. फीत इतकी झिजली की तिच्यातून उजेड आरपार दिसू लागला, असे सांगतात. हे कौशल्य आकाशातून पडले नाही. सेंट पीटर्सच्या समूहगानात वर्षानुवर्षे वेगवेगळ्या पट्टीतले आवाज एकमेकांत कसे बसतात हे ऐकलेल्या मुलाचा कान त्यामागे आहे, असे मला ठामपणे वाटते. दाताने चिडवला गेलेला मुलगा पियानोमागे बसून खोलीभर पोरांना ताब्यात घेतो, हेही तो तिथेच शिकला.

याच गाण्याच्या मध्यभागी ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो, एकदा नव्हे, अनेकदा, दोन बाजूंनी फेकला जाणारा. आपल्यापैकी कोणी तो पहिल्यांदा ऐकला तर दचकतो. त्याचा खुलासा मर्क्युरीने कधी केला नाही आणि लोकांनी त्यात नाही नाही ते अर्थ शोधले. माझ्या मते हा स्टोन टाउनच्या गल्लीतला आवाज आहे, लहानपणी कानात बसलेला. १९७८ च्या ‘जॅझ’ या ध्वनिमुद्रिकेची सुरुवातच त्याने ‘मुस्तफा’ नावाच्या गाण्याने केली. त्यात अरबी-फारसी वाटणारे शब्द आणि मनाने रचलेले बोल यांची खिचडी आहे. अरबी जाणणाऱ्याला ते पोरकट वाटेल, काहींना खटकेलही. मला मात्र ते बाजारातून ऐकू येणाऱ्या परभाषेची नक्कल करणाऱ्या मुलासारखे वाटते. गंमत म्हणजे २००४ मध्ये इराण सरकारने ‘क्वीन’च्या निवडक गाण्यांच्या अधिकृत विक्रीला परवानगी दिली, सोबत गाण्यांचा अर्थ समजावणारे पत्रक जोडून. पाश्चात्त्य रॉक बँडला तिथे मिळालेली ही पहिली अधिकृत परवानगी. फर्रुखचे पूर्वज ज्या देशातून हजारएक वर्षांपूर्वी निघाले, तिथे त्याचा आवाज असा पोहोचला.

मग तो पाचगणीबद्दल, झांजीबारबद्दल बोलत का नव्हता? मुलाखतींत तो हा विषय झटकून टाकी. याला कोणी लाज म्हणतात, कोणी फसवणूक. मी १९६८ चे इंग्लंड पाहते. त्या वर्षी एनॉक पॉवेलने काळ्या-सावळ्या स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केले. त्याच वर्षी केनियातून येणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टधारक हिंदी लोकांना अडवणारा कायदा झाला. रस्त्यावर प्रत्येक सावळ्या माणसाला ‘पाकी’ म्हणून शिवी पडत होती. अशा देशात बुलसारा नाव लावून रॉक गाणारा कोणाला हवा होता? आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलणार? मुंबईच्या पडद्यावर यूसुफ खान दिलीपकुमार झाले, महजबीन मीनाकुमारी झाली, मुमताज मधुबाला झाली. त्यांना आपण फसवे म्हणत नाही. बाजारात टिकायला नाव बदलणे आणि घरात जुने नाव जपणे या दोन गोष्टी अल्पसंख्य माणूस एकाच वेळी करतो. फेल्टमच्या घरी आई त्याच्यासाठी पारशी जेवण रांधत राहिली आणि तो तिला भेटायला जात राहिला.

एका बाबतीत मात्र मी त्याची आणि बँडची बाजू घेणार नाही. ऑक्टोबर १९८४ मध्ये ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीवर संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार पुकारला होता, ब्रिटनच्या संगीतकार संघटनेचीही मनाई होती. आम्ही राजकारण करत नाही, असे उत्तर बँडने दिले. १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणाऱ्या देशात ज्याचे शिक्षण झाले, त्याच्या तोंडी हे उत्तर शोभत नव्हते. संघटनेने दंड केला, जगभर टीका झाली.

पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ झाले. ‘क्वीन’ला मिळाली वीसेक मिनिटे. बहात्तर हजार प्रेक्षक, दिवसाउजेडी, प्रकाशयोजनेचा आधार नाही. मर्क्युरी पियानोपाशी बसला, मग उठला आणि एकेका आलापाने सारे मैदान आपल्यामागे गायला लावले. दोन पाय आपटून एक टाळी द्यायची, ही त्यांच्या १९७७ च्या गाण्यातली रीत त्या दिवशी बहात्तर हजारांनी पाळली. ती चाल ब्रायन मेने श्रोत्यांना सामील करून घेण्यासाठीच बांधली होती. आमच्या तालुक्याच्या क्रीडास्पर्धांतही मुले कबड्डीच्या वेळी तोच ठेका धरतात. तो कोणाचा, हे त्यांना माहीत नसते, आणि त्या ठेक्याचा गायक पसरणी घाटाच्या वर शिकला हे तर नाहीच नाही.

‘क्वीन’ मर्क्युरीसह भारतात कधी आली नाही. त्याचे पुरुषांशी संबंध होते. यावर आपल्या वाचकांची मते ठाम असतील, पण इतिहास लिहिताना ते गाळता येत नाही, कारण शेवटच्या वर्षांत इंग्रजी वर्तमानपत्रे त्याच्या आजाराच्या बातमीसाठी गिधाडांसारखी दारात बसली होती. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा तो आजार आपल्याकडे परक्यांचा समजला जाई. वर्षभरातच, १९९२ मध्ये, सांगलीत ‘संग्राम’ संस्थेला त्याच आजारासाठी काम सुरू करावे लागले. लंडनमध्ये त्याच्या अंत्यविधीला पारशी दस्तुरांनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हटल्या. उरलेल्या सोबत्यांनी त्याच्या नावाने एड्सविरोधी कामासाठी निधी उभा केला. डीकन १९९७ नंतर संगीतातून निवृत्त झाला. मे आणि टेलर नव्या गायकांना घेऊन ‘क्वीन’चे नाव चालवत राहिले.

हेक्टिक्सच्या पाच मुलांचेही पुढे बरेच काही झाले. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि १९९९ ते २००१ या काळात सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती होता. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर नट झाला. फरांग इराणीने पुण्यात हॉटेल चालवले. २०१८ मध्ये ‘क्वीन’वर मोठा चित्रपट आला, रामी मालेक या इजिप्ती वंशाच्या नटाला त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. त्या चित्रपटातली कथा १९७० साली लंडनच्या विमानतळावर सामान उचलणाऱ्या तरुणापासून सुरू होते. पाचगणीचा घाट, शाळेचा पियानो आणि चहाच्या खोक्याचे वाद्य त्यात कुठेच दिसत नाही.